कैरीबन

उसामाला मुलीच्या पाठीवर नऊ वर्षांनी मुलगा झाला, झयान, ते दोन हजार तेवीस साल. त्या बाळंतपणासाठी उसामाची आई हफीजा म्हसळ्याकडचं आपलं खाडीकाठचं गाव सोडून सौदीतल्या अल-खोबरला आली. बाळाचा चाळिसा उलटला, ते कुशीवर वळायला लागलं, तरी व्हिसा शिल्लक होता आणि सून सोडत नव्हती, म्हणून ती राहिली होती. त्याच साली जूनच्या पहिल्या तारखेला, असरची नमाज उरकल्यावर, हफीजा समुद्रात कमरेच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती आणि तिच्या दोन हातांवर ठकूबाई उताणी तरंगत होती. ठकूबाई निफाडकडची. जन्मात समुद्राच्या पाण्यात उतरली नव्हती. सुनेची फुलाफुलांची मॅक्सी घालून आली होती, ती पाण्यात फुगून तिच्याभोवती परकरासारखी पसरली होती, आणि ती डोळे गच्च मिटून ओरडत होती, "सोड मला. सोड म्हणते ना. अगं न्हाई, सोडू नको, मेले, सोडू नको!" हफीजा हसत होती. किनाऱ्यावरून पोरंही हसत होती. तेवढ्यात ठकूबाईचा पाय खाली गेला, ती गडबडली, आणि हफीजाने मागून तिच्या अंगाला मिठी घालून तिला सावरलं. उजव्या हाताचा तळवा तिच्या बगलेखाली, जरा पुढे, जाऊन बसला. तिथे ओल्या कापडाखाली काहीतरी टणक लागलं. हफीजाला वाटलं बटवा. म्हाताऱ्या बायका बटवा तिथेच खोचतात, तिची स्वतःची आईही तिथेच खोचायची. "ठकूबाय," ती म्हणाली, "बटवा घेऊन पाण्यात आलीस का गो? चोर भेटतील म्हणून?"

ठकूबाई हसली नाही. तिचं अंग एकाएकी स्थिर झालं. आतापर्यंत ते पाण्याला घाबरत होतं, आता पाण्याला विसरलं. हफीजाचा हात अजून तिथेच होता आणि त्या हाताला हळूहळू कळायला लागलं की बटव्याला दोरी असते, बटवा सरकतो, आणि हे सरकत नाही. हे आतून धरलेलं आहे. हाताला कळलं ते वर डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मध्ये एक जेट स्कीवाला लांबून गर्रकन वळून गेला, त्याची लाट आली, दोघी तिच्याबरोबर वर झाल्या आणि खाली आल्या.

"बटवा न्हाई त्यो," ठकूबाई म्हणाली.

"कधीपास्नं?"

"संक्रांतीपास्नं. आधी शेंगदाण्याएवढी व्हती." तिने हफीजाचा हात धरून बाजूला केला, रागाने नाही, घरात ताटावरचा हात बाजूला करावा तसा. "जयदीपला ठाऊक न्हाई. मुग्धाला न्हाई. आता तुला झालं. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

"अगो, पण डॉक्टर—"

"मुग्धाला सातवा लागलाय. दोन येळा पोर रिकामी झाली, तिसऱ्यांदा देवानं दिलंय. माझ्यापायी तिला धक्का बसला तर मी कुठं तोंड दाखवू? परवाच्या इमानानं मी घरी जातीया. बाळ सुखरूप येऊ दे, मग सांगीन. आन सांगून व्हतंय काय? माझ्या थोरल्या जावेला कापली, भाजली, केस गेले, आन शेवटी गेलीच." मग तिने हफीजाच्या डोळ्यांत बघितलं. मिठाने तिचे डोळे लाल झाले होते. "तुला तुझ्या झयानची आण हाय."

अल्लाशिवाय कुणाची शपथ घेऊ नये, हे हफीजाला ठाऊक होतं. पण ही तिने घेतलेली नव्हती, तिच्यावर घातलेली होती, आणि घातलेली आण अंगावर ओल्या कपड्यासारखी चिकटते. ती काहीच बोलली नाही. ठकूबाईने ते होकारासारखं घेतलं. तिने हफीजाचा दंड पकडला आणि दोघी पाण्यातून बाहेर निघाल्या, पायांखाली वाळू इतकी मऊ की प्रत्येक पाऊल आत जात होतं. पाणी कोमट होतं, बंबातल्या पाण्यासारखं. हफीजाच्या गावची खाडी अशी नव्हती. ती चढायची, उतरायची, चिखलाचा वास सोडायची, माणसाला वेळ सांगायची. हा समुद्र परातीत ओतून ठेवल्यासारखा नुसता होता. त्याला काही विचारावं, असं वाटत नव्हतं.

जागा जयदीपने ठरवली होती. जयदीप ठकूबाईचा धाकटा मुलगा, उसामाच्याच कारखान्यात इंजिनियर, एकाच इमारतीत बायको मुग्धाबरोबर एक मजला वर राहायचा. हाफ मून बीचवर त्याने दुपारपासून एक शाले भाड्याने घेतलं होतं, म्हणजे दोन खोल्या, एक न्हाणी, समोर कुंपण घातलेला आपापला वाळूचा तुकडा. त्या जागेचं नाव होतं कॅरिबियन. गवताच्या छत्र्या, दोन खांबांना टांगलेली जाळीची झोपाळी, निळ्या-पिवळ्या रंगाच्या खुर्च्या, आणि पाच-सहा माड. माड प्लॅस्टिकचे होते. हफीजाने गाडीतून उतरल्या उतरल्या एका माडाला हात लावून बघितला होता आणि कुणी मेलेल्या माणसाचा हात हाती द्यावा तसा तो मागे घेतला होता. ठकूबाईला मात्र सगळ्याचंच नवल. आठवडाभर ती त्या नावाचा घोळ घालत होती. मुग्धाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "कैरीबन? आता जूनमधी कैऱ्या असत्यात व्हय? पाडाला लागल्या असतील." तेव्हापासून घरात त्या जागेला सगळे कैरीबनच म्हणायला लागले. हफीजाचा घोळ वेगळा होता, आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता. फाटकावरच्या पाटीवर वर इंग्रजी आणि खाली अरबी होतं. मराठी अक्षरं ती चाळिशी ओलांडल्यावर प्रौढांच्या वर्गात शिकली, पण अरबी अक्षरं लहानपणी मदरशात, अर्थ न कळता, नुसती लावायला शिकली होती. गाडी फाटकातून आत शिरताना तिने ती लावली. का, री, बी. करीबी. म्हणजे जवळचे. तिला वाटलं, वा, काय नाव ठेवलंय, जवळच्या माणसांची जागा. शेजारी ठकूबाई कैऱ्या शोधत होती.

आणि आज या जवळच्या माणसांचा वाढदिवस होता, दोघींचा. तो कसा, हीही एक गंमतच. मार्चमध्ये हफीजा गुडघ्यासाठी पॉलिक्लिनिकमध्ये बसली होती. केरळची नर्स दारात येऊन म्हणाली, "एक छे पचपन वाली अम्मा कौन है?" हफीजा उठली, आणि समोरच्या बाकावरून रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलेली एक लुगड्यातली बाई उठली. दोघी नर्सपुढे जाऊन उभ्या. "तू कशाला उठलीस?" त्या बाईने मराठीत विचारलं, जणू साऱ्या खोबरमध्ये सगळ्यांना मराठी येतंच. "माझी तारीख हाय ती," हफीजा म्हणाली. "आन माझी काय शेजारणीची हाय?" मग बाकावर बसून उलगडा झाला. ठकूबाईला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, पोरगी कधीची? तिचा बाप म्हणाला, कांदे निघाले तेव्हाची. मास्तरांनी एक जून लिहिलं, त्या दिवशी आलेल्या सगळ्याच पोरांना लिहिलं. हफीजा शाळेत गेलीच नव्हती. तिची आई सांगायची, मशिदीची कौलं बदलली त्या साली रमजानात तू झालीस. पुढे नवऱ्याने तिचा पासपोर्ट काढायला दिला तेव्हा एजंटाने नवऱ्याची तारीख बघितली, तीच तिला लावून टाकली. नवऱ्याला ती त्याच्या शाळेतल्या मास्तरांनी दिलेली. "म्हंजे आपून जुळ्या," ठकूबाई म्हणाली. "येकाच मास्तरच्या पोटच्या." आणि तिथे, सगळ्या अरबी बायकांच्या देखत, ती इतक्या मोठ्याने हसली की नर्सने "अम्मा, धीरे" म्हटलं. त्या हसण्यात हफीजाला एकाएकी हलकं वाटलं होतं. सकाळी उसामा कामावर, नात सहर शाळेत, सून समरीन बाळाबरोबर झोपलेली. सहर घरी आली तरी तिचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. एसीच्या आवाजात हफीजाचे दिवस जात नव्हते, नुसते थंड होत होते. त्या दिवसापासून ठकूबाई रोज खाली यायची, कधी हफीजा वर जायची. लसूण सोलायचा, भाजी निवडायची, आणि बोलायचं. एकमेकींच्या गावात कधी पाय न ठेवता दोघींना एकमेकींच्या गावातल्या माणसांची भांडणं ठाऊक झाली होती.

आता हफीजा कोरड्या कपड्यांत वाळूवर चटईवर बसली होती आणि तो तळवा मांडीवर उताणा पडला होता. ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. मुग्धा पोटाला हात लावून खुर्चीवर टेकली होती आणि ठकूबाई तिच्या पायांपाशी बसून तिच्या पावलांवरची वाळू झाडत होती. "सूज बघ किती आलीय. मीठ कमी खा म्हटलं तर वेफर खाती." "आई, दोनच खाल्ले." "दोन पाकिटं." काहीच झालेलं नव्हतं. हफीजाला वाटलं, मघाशी पाण्यात आपल्यालाच भास झाला. पण ठकूबाई पुढे वाकली तेव्हा तिचा उजवा हात अंगाशी धरलेला राहिला, डावाच पुढे आला, आणि हफीजाला आठवलं की गेले कित्येक दिवस ती लसूण डाव्या हाताने ओढून घेते, वरच्या फळीवरचा डबा मागते, आणि आपण म्हणायचो, म्हातारी झालीस. सगळं समोर होतं. आपण बघत होतो आणि दिसत नव्हतं.

तिला तिच्या नवऱ्याची खोली आठवली. ती खोली तिने कधी पाहिली नव्हती. गफूर इथेच, याच खोबरमध्ये, क्रेनवर काम करायचा आणि गावच्या सहा माणसांच्या खोलीत राहायचा. त्या खोलीतला पंखा, स्टोव्ह, खिडकीला लावलेला पुठ्ठा, कोण कुठे झोपतो, हे सगळं तिला फोनवर ऐकून इतकं पाठ होतं की डोळे मिटून ती त्यात वावरू शकली असती. एका शुक्रवारी समुद्राकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशच्या कठड्यावर बसून चहा पिताना गफूरने पेला बाजूला ठेवला आणि तो वाकडा झाला. मग हळूहळू कळलं की दोन वर्षं त्याच्या छातीत कळ यायची, जिना चढताना तो मध्ये बसायचा, मेडिकलमध्ये पकडलं तर घरी पाठवतील म्हणून गप्प राहायचा. उसामाचं कॉलेज चालू होतं. आणि खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. खोलीतल्या सगळ्यांना. फक्त जी दर शुक्रवारी फोनवर विचारायची, तब्येत कशी हाय, तिला नव्हतं. त्याला इकडेच दफन केलं. तिने त्याची माती पाहिली नाही. लोक तिला समजवायला यायचे, म्हणायचे, किती जिवाभावाचे दोस्त होते त्याचे, शब्द दिला तो शेवटपर्यंत पाळला. ते ऐकून तिच्या तोंडात कडू यायचं. नवऱ्यावर ती रागावू शकली नाही, मेलेल्यावर किती रागावणार. त्या पाच माणसांवर मात्र तिने राग धरला, आणि वर्षानुवर्षं तो राग कुणाला न दाखवता सांभाळला.

त्या पाचातला एक इथेच होता. ताजुद्दीन. आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. उसामा त्याला ताजूचाचा म्हणायचा आणि कुठेही जायचं तर बोलवायचा. तो कुंपणापाशी शेगडीवर मासे भाजत होता, बनियनवर, गळ्यात ओला टॉवेल, आणि जयदीपला शिकवत होता, "हामूरला असा लगेच उलटायचा नाय. त्याला आधी पाठ टेकून विचार करू दे." हफीजा तीन महिने त्याच्याशी सलामापलीकडे बोलली नव्हती. ती उठली आणि शेगडीपाशी गेली. तिला बघून जयदीप म्हणाला, "मावशी, तुम्ही बर्थडे गर्ल, तुम्ही बसायचं," आणि कोळशाची पिशवी आणायला गाडीकडे गेला.

"भाबी, धूर येईल अंगावर," ताजुद्दीन म्हणाला.

"येऊ दे. ताजुद्दीनभाई, तुम्हांला ठाऊक होतं ना? त्यांच्या छातीचं."

त्याने चिमटा खाली ठेवला नाही. मासा उलटला. मासा जाळीला चिकटला होता, अर्धी कातडी तिथेच राहिली.

"सगळ्यांना ठाऊक होतं, भाबी."

"मग मला का नाय सांगितलंत?"

"त्याने शब्द घेतला होता आमच्याकडून."

"ते मी लय ऐकलंय. चांगले दोस्त होतात तुम्ही." हे वाक्य तिने किती वर्षं धार लावून ठेवलं होतं. बाहेर आलं तेव्हा ते नुसतंच वाक्य होतं.

ताजुद्दीनने टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. "दोस्तीचं नाय भाबी ते," तो म्हणाला. "लोकांना आम्ही तसंच सांगितलं, मग आम्हांलापण तसंच वाटायला लागलं. खरं सांगू? आम्ही त्याच्या रागाला भ्यायलो. एकदा मी बोललो त्याला, गफूर, मी भाबीला फोन करतो. तर तो चार दिवस माझ्याशी बोलला नाय. सहा माणसं एका खोलीत, आणि एक तुमच्याशी बोलत नाय. तुमच्या हातची भाजी घेत नाय. चार दिवस! मी म्हटलं, मरू दे, आपल्याला काय करायचंय. अगदी हेच म्हटलं, मरू दे. माणूस बोलायला म्हणतो तसं." त्याने मासा ताटलीत काढला. "त्याने बोलणं टाकू नये म्हणून गप्प बसलो आम्ही. बाकी कायसुद्धा नव्हतं."

हफीजाने त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा झाला होता. कानावर केस पांढरे, हातावर कोळशाचे डाग. तिला वाटलं होतं, खरं उत्तर मिळालं की राग सुटेल किंवा वाढेल. दोन्ही झालं नाही. राग जिथे होता तिथे आता नुसती जागा होती, आणि त्या जागेत ती स्वतःच उभी होती. कारण पाण्यातून बाहेर येताना ती कशाला गप्प राहिली होती? आणेला भिऊन? मुग्धाच्या पोटातल्या बाळासाठी? थोडं ते होतं. पण खाली, अगदी तळाशी, दुसरंच होतं. ठकूबाई परवा जाणार, मग फोनवरच भेटणार. ती रागावली तर फोनही नाही. या शहरात काय आणि गावी परत गेल्यावर काय, हफीजाशी कुणी इतकं बोललं नव्हतं, आणि हफीजा कुणाजवळ इतकी हसली नव्हती. सून बोलते, मुलगा विचारपूस करतो, नात गळ्यात पडते, पण ते सगळे वरून खाली वाकून बोलतात. समोरासमोर बसून बोलणारी ही एकच मिळाली होती, तीही सगळं आयुष्य सरल्यावर.

"अम्मी, या, केक!" उसामाने हाक मारली.

केकवर दोघींची नावं इंग्रजीत लिहिली होती. समरीन झयानला खांद्यावर घेऊन जरा लांब उभी होती. वाढदिवस वगैरे आपल्यात नसतं, असं तिचं मत होतं, आणि ते तिने सकाळी सांगूनही झालं होतं, पण केक आणायला तीच गेली होती. मुग्धाने ताटात निरांजन आणलं. वाऱ्याने ते दोनदा विझलं. तिसऱ्यांदा जयदीपने दोन्ही हातांचा आडोसा केला. मुग्धाने ठकूबाईला ओवाळलं, मग ताट हातात धरून हफीजाकडे बघत थांबली. "ओवाळ की," ठकूबाई म्हणाली. "दिव्याला काय ठाऊक कोण कुठली?" उसामा हसला. समरीनने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. ती ज्योत आपल्या तोंडासमोरून फिरताना हफीजाला तिची ऊब लागली, आणि ज्योतीपलीकडे ठकूबाईचं तोंड, ओठाला आधीच कुठून तरी लागलेलं क्रीम. "दादी, मन में विश करो, फिर फूँको," सहर म्हणाली. "जोर से!" मेणबत्तीपाशी काय मागायचं असतं, हफीजाला ठाऊक नव्हतं. मागायचं ते जिथे मागायचं तिथे ती रोज पाच वेळा मागत होती. तिने फुंकर मारली. ठकूबाईनेही मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताजुद्दीनने शेगडीवरूनच "मुबारक, मुबारक" म्हटलं. ठकूबाईने केकचा तुकडा हफीजाच्या तोंडात कोंबला आणि उरलेला तिच्या नाकाला फासला. "जुळी माझी," ती म्हणाली, "येवढी मोठी झाली, तरी नाकाला लागतं तिच्या." पोरं खिदळली. हफीजाही हसली, आणि हसताना तिला कळलं की ही शेवटची वेळ. पुन्हा ही बाई आपल्या नाकाला काही लावणार नाही. ते कळूनही ती पुरतं हसली. अर्धं ठेवलं नाही.

मग ती जयदीपला म्हणाली, "बाबा, हा बर्फाचा डबा गाडीत ठेवून दे. चल, मी डिकी धरते."

गाड्या कुंपणाबाहेर होत्या. ऊन उतरलं होतं, पण डांबर अजून तापलेलं होतं. जयदीपने डबा आत सरकवला, हात झटकले, आणि हफीजा त्याच्यासमोर उभी राहिली. आता शब्द लागत होता. पुरुषाला, दुसऱ्याच्या मुलाला, त्याच्या आईच्या अंगाचं काय म्हणून सांगायचं? घरात बायकांत जो शब्द होता तो तिच्या तोंडून त्याच्यापुढे निघेना. दवाखान्यात म्हणतात तो तिला येत नव्हता. तिने नजर खाली केली.

"जयदीप, तू जिथं प्यालास ना लहानपणी, तिथं गाठ हाय."

"काय प्यालो?" जयदीप दचकला. त्याने मागे वळून बघितलं. "मावशी, कोण म्हणालं तुम्हांला? मी नाही घेत. इथे मिळत पण नाही. बहरीनला गेलो होतो तेव्हा एकदा बिअर, तीही उसामासमोर, तो तर ज्यूस पीत होता. आईला कुणी सांगितलं?"

हफीजाला हसू आलं आणि ते तोंडापर्यंत यायच्या आत त्याचं दुसरंच काहीतरी झालं. तिने डोक्यावरची ओढणी तोंडात धरली. "तसलं नाय रे बाबा. आईपाशी. आईपाशी प्यालास तिथं." तिने आपला तळवा उचलून दाखवला, जणू गाठ त्यावरच होती. "केवढी हाय, या हातानं बघितली मी. संक्रांतीपास्नं लपवलीय तिनं. मुग्धासाठी गप्प हाय. मला आण घातलीय, झयानची. मुग्धाला सांगू नको. पण हिला एकटी धाडू नको."

जयदीप उभा होता. त्याचा चेहरा एका क्षणात लहान झाला, अगदी सहा-सात वर्षांच्या पोराचा, ज्याला शाळेच्या फाटकावर कुणी न्यायला आलेलं नाही. त्याने डिकी बंद केली. पुन्हा उघडली. काही घ्यायचं होतं बहुतेक. मग तशीच ठेवून तो आत गेला.

हफीजा मागून आत गेली तेव्हा तो आईशेजारी वाळूत बसला होता.  लहान मुलासारखं तिचं मनगट धरून बसला होता. ठकूबाईने त्याच्याकडे बघितलं, मग मान वर करून कुंपणापाशी उभ्या हफीजाकडे. मुग्धा आत कपडे बदलत होती. ताजुद्दीनने मगरिबच्या नमाजीसाठी वाळूवर चटई अंथरली होती, उसामा पाय धुवत होता. ठकूबाई उठली. हफीजापाशी येऊन उभी राहिली, इतक्या जवळ की तिच्या तोंडाला केकचा वास येत होता.

"आण घातली व्हती तुला."

"हां."

"नातवाची."

"हां. माझ्या नातवाचं अल्ला बघेल."

"पोरीला काय झालं तर?"

"तिला कायपण कळणार नाय. तो सांगणार नाय तिला."

"बाईमाणसाची गोष्ट गड्याला सांगितलीस. रस्त्यावर उभी ऱ्हाऊन."

"दुसरा कोण होता? नवरा हाय तुझा?"

"ह्यापुढं तुझ्या तोंडाकडं बघायची न्हाई मी, हफीजा."

"नको बघूस. डॉक्टरकडे बघ."

ठकूबाईचा डावा हात वर झाला. हफीजाला वाटलं मारते. पण तो हात हवेत राहिला, मग स्वतःच्याच पदराला गेला, पदर ओढून घेतला, आणि ती वळली. येताना दोघी मागच्या सीटवर शेजारी बसल्या होत्या. जाताना ठकूबाई पुढे बसली. खोबरचे दिवे लागले. मुग्धा म्हणत होती, "काय मस्त दिवस झाला ना आई?" आणि ठकूबाई म्हणत होती, "झाला, बाय."

परवाच्या विमानात जयदीपही बसला. मुग्धाला सांगितलं, आईचं नाशिकला मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नाशकात तपासलं, कापलं, मग औषधं चढवली. मुग्धाची आई इकडे येऊन राहिली. ऑगस्टमध्ये मुग्धा बाळंत झाली, वेळेच्या आधी. मुलगी झाली, अशक्त होती, काचेत ठेवावी लागली, पण राहिली. त्या वेळी जयदीप पुन्हा नाशकात होता; मुग्धाला खरं कारण बाळ घरी आल्यावर कळलं. दवाखान्यात उसामाने सह्या केल्या, आणि मुग्धाच्या कळा तिच्या आईला बघवेनात, म्हणून मुग्धाने जो हात पिळून लाल केला तो हफीजाचा होता. ठकूबाईचा फोन आला नाही. मुग्धा फोन लावून म्हणायची, "मावशी इथेच आहेत, देऊ?" पलीकडून म्हणे फोन कट व्हायचा. हफीजा दर वेळी म्हणायची, असू दे. आणि स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसायची, एकटी.

दिवाळीच्या सुमारास ती गावी परतली. फोन उशाशी ठेवायची. तिला माहीत होतं की तो वाजणार नाही, तरी बाहेर ओट्यावर बसली तर आत वाजला की काय, म्हणून उठून बघून यायची. होळीच्या आधी एका दुपारी तो वाजला. नाशिकचा नंबर.

"मेले," ठकूबाई म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण तोच होता. "टकलीची टकली झाले तुझ्यापायी. माझी नात जन्मली तवा तिचा बाप माझ्या उशाशी बसला व्हता. कापड लागलं तरी सुया टोचल्यावानी वाटतं मला आता. गिळलेलं पोटात ऱ्हात न्हाई. आठ-नऊ म्हैने मला कुत्र्यावानी झालं. कुणी सांगितलं व्हतं तुला मधी तोंड घालायला? आँ? बोल की. दातखीळ बसली?"

 फोन कानाला लावून हफीजा ओट्यावर उतरून बसली. ठकूबाई तिला शिव्या घालत राहिली. शिव्या घालता घालता तिच्या जावेच्या मुलाचं लग्न मोडल्याचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, मधून परत शिव्या दिल्या. खाडीला भरती येत होती. हफीजा ऐकत राहिली.

त्यानंतर ठकूबाई अधूनमधून फोन करायची.

हफीजा दोन हजार चोवीस साली नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, आपल्या गावच्या घरात वारली. ठकूबाई अजून आहे, नाशकात.